अनुरक्षण : एका व्याख्येची चिकित्सा

बालकल्याणविषयक कायद्याच्या मराठी परिभाषेत ‘अनुरक्षण’ हा शब्द आता चांगला रुळला आहे. अनाथ, निराधार किंवा आईबापांपासून दुरावलेले मूल वयाची १८ वर्षे पुरी करते आणि कायद्याच्या दृष्टीने मूल राहत नाही. त्यानंतर काही काळ त्याला आधार देण्याची जी व्यवस्था, ती अनुरक्षण. ‘अनु’ या उपसर्गाने मागाहून, पाठोपाठ असा अर्थ येतो. रक्षणाच्या पाठोपाठ येणारे रक्षण, असा या शब्दाचा सरळ अर्थ करता येईल. (रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर हाच शब्द डबे आणि यंत्रे यांच्या देखभालीसाठी योजलेला आढळतो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. कार्यालयीन व्यवहार मात्र कित्येकदा त्याच अर्थाला अधिक जवळचा वाटतो.) शब्द सुरेख आहे. परंतु त्याची कायद्याने केलेली व्याख्या बारकाईने वाचली, आणि मग ती वऱ्हाडातील शेंदूरजनाघाटसारख्या एखाद्या गावाला लावून पाहिली, तर शब्द जे आश्वासन देतो ते व्याख्या काढून घेते असे दिसून येते.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येप्रमाणे अनुरक्षण म्हणजे वयाची १८ वर्षे पुरी झालेल्या, पण २१ पुरी न झालेल्या आणि संस्थात्मक देखरेख सोडून समाजात सामील होण्यासाठी निघालेल्या व्यक्तींना आर्थिक वा अन्य प्रकारचे साहाय्य पुरविणे होय. व्याख्येत वय आहे, साहाय्याचा प्रकार आहे आणि एक तिसरी अट आहे. ती व्यक्ती संस्थेतून बाहेर पडलेली असली पाहिजे. कलम ४६ मध्ये हीच अट पुन्हा येते. तेथेही बालसंगोपन संस्था सोडणाऱ्या मुलाचाच उल्लेख आहे. ‘बालसंगोपन संस्था’ म्हणजे काय हेही अधिनियमाने सांगून ठेवले आहे. बालगृह, खुले आश्रयगृह, निरीक्षणगृह, विशेषगृह, सुरक्षित स्थान, विशेष दत्तकसंस्था आणि योग्य सुविधा म्हणून मान्यता मिळालेली ठिकाणे एवढ्यांचा त्या संज्ञेत समावेश होतो. या यादीत कुटुंबाला स्थान नाही, आणि संस्थांच्या यादीत ते असण्याचे कारणही नाही. परंतु याच अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये बाल कल्याण समितीच्या आदेशाने जे मूल परक्या कुटुंबात प्रतिपालकत्वाखाली ठेवले गेले, त्याचे अठराव्या वाढदिवशी काय व्हावे, या प्रश्नाला कलम ४६ मध्ये उत्तर नाही. ते मूल संस्थेत नव्हते; म्हणून संस्थेतून बाहेर पडलेही नाही; म्हणून व्याख्येत बसत नाही.

ही केवळ शब्दांची कसरत आहे असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्यापूर्वी दोन कलमांतील क्रियापदे शेजारी ठेवून पाहावीत. प्रतिपालक कुटुंबाला मुलांची संख्या लक्षात घेऊन दरमहा निधी द्यावयाचा, याविषयी कलम ४४ ची भाषा बंधनकारक आहे. राज्य शासनाने तो दिला पाहिजे. कलम ४६ ची भाषा अनुज्ञेची आहे. साहाय्य देता येईल. कायद्याच्या वाचकाला या दोन रूपांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. ‘दिला पाहिजे’ यातून हक्क उपजतो, ‘देता येईल’ यातून फार तर अर्ज उपजतो. म्हणजे कुटुंबात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला अठरा वर्षांपर्यंत बंधनकारक क्रियापद आले, आणि अठराव्या वर्षानंतर अनुज्ञेचे क्रियापदसुद्धा आले नाही. संस्थेत वाढलेल्याला निदान ऐच्छिक का होईना, एक वाक्य लाभले आहे.

अशी रचना कशी झाली? मसुदा लिहिणाऱ्यांचा निष्काळजीपणा एवढ्याने तिचा उलगडा होत नाही. अनुरक्षणाची कल्पना जन्मली ती सुधारगृहाच्या दाराशी. १९२० नंतरच्या दशकात मद्रास, बंगाल, मुंबई या प्रांतांनी मुलांविषयीचे कायदे केले; मध्यप्रांतानेही १९२८ साली असा कायदा केला. त्या सर्वांची दृष्टी मुख्यतः गुन्हेगार, भटक्या आणि उपेक्षित मुलांना ताब्यात घेऊन शिस्तीच्या जागी ठेवण्याची होती. ताब्यात घेतलेल्याला कधीतरी सोडावे लागते. सोडल्यावर तो पुन्हा जुन्या वाटेला लागू नये म्हणून काही काळ त्याच्यावर नजर आणि थोडा हात हवा, हा विचार त्यातूनच आला. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाने या विषयासाठी माधव सदाशिव गोरे यांच्या अध्यक्षतेखाली जी सल्लागार समिती नेमली, तिचा अहवाल १९५५ चा. त्या काळी अनुरक्षणाचा विचार सुटून येणारे कैदी आणि आश्रमांतून बाहेर पडणारी माणसे यांना अनुलक्षून होत असे, आणि त्या काळाच्या परिस्थितीत ते स्वाभाविक होते. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने अनुरक्षण संघटनांची तरतूद केली, २००० च्या अधिनियमाने ती पुढे चालविली, आणि २०१५ मध्ये ती नव्या शब्दांत मांडली गेली. शब्द नवे झाले तरी दार जुनेच राहिले.

त्या जुन्या दाराच्या खुणा आजच्या भाषेत स्पष्ट दिसतात. ‘समाजात सामील होणे’, ‘मुख्य प्रवाहात पुन्हा सामावून घेणे’ हे शब्दप्रयोग पाहावेत. बालगृहातले मूल जणू समाजाबाहेर होते, आणि अठराव्या वर्षी ते समाजात प्रवेश करते, असे त्यांत गृहीत आहे. जे मूल आधीच एखाद्या गल्लीत, एखाद्या घरात, शेजारपाजाऱ्यांत वाढले त्याला कशात सामावून घ्यायचे? ते तर समाजातच आहे. व्याख्येने त्याला वगळले ते याच तर्काने. या तर्कात समाजात असणे आणि समाजात उभे राहता येणे यांची गल्लत झाली आहे.

विसंगती येथेच संपत नाही. २०१५ च्या अधिनियमाने आपली म्हणून जी मूलतत्त्वे सांगितली, त्यांत मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा, असे एक तत्त्व आहे. कुटुंब श्रेयस्कर, संस्था नाइलाजाची, असा कायद्याचा स्वतःचा कल आहे. तो योग्यच आहे. पण मग कायदा ज्या वाटेने जा म्हणून सांगतो, त्याच वाटेच्या टोकाला पूल नाही, आणि ज्या वाटेने शक्यतो जाऊ नका म्हणतो, तिच्या टोकाला निदान एक साकव टाकलेला आहे. बाल कल्याण समितीपुढे बसलेल्या एखाद्या विचारी सदस्याने सोळा वर्षांच्या मुलाच्या हिताचा हिशेब मांडला, तर आता त्याला बालगृहातच ठेवावे म्हणजे पुढची तीन वर्षे काही पदरात पडेल, असा निष्कर्ष निघावा, ही परिस्थिती कायद्याच्या हेतूला साजेशी नाही.

ही चर्चा अमूर्त राहू नये म्हणून एखादे गाव समोर असणे बरे. शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. सातपुड्याचा पायथा, पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द, आणि भोवती संत्र्याच्या बागा. संत्र्यांच्या कलमांच्या रोपवाटिकांसाठीही या गावाचे नाव आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून तयार केलेली रोपे येथून दूरदूरच्या गावी जातात. अमरावती येथून सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या दारात जायचे तर एसटीने जाण्यायेण्यात दिवस मोडतो. त्या दिवसाचा रोज बुडतो तो निराळाच.

या गावी दूरच्या नात्यातल्या किंवा बिननात्याच्या एखाद्या घरी समितीच्या आदेशाने वाढलेला मुलगा कल्पावा. घर बागाईतदाराचे नव्हे. बागेत तोड्याला जाणाऱ्याचे, किंवा रोपवाटिकेत कामाला जाणाऱ्याचे. त्या घराला आजवर दरमहा काही रक्कम येत होती. ती त्याच्या वह्या-पुस्तकांना, कपड्यांना, भाकरीला पुरी पडत होती असे नाही, पण तिच्यामुळे घरात त्याचे एक खाते होते. अठरावा वाढदिवस उजाडला आणि ते खाते बंद झाले. मराठीत अशा वयाच्या मुलासाठी ‘हाताशी आला’ असा फार बोलका शब्दप्रयोग आहे. आपल्या पोटच्या मुलाविषयी बाप तो कौतुकाने वापरतो. सांभाळलेल्या मुलाविषयी तोच शब्दप्रयोग वापरला गेला म्हणजे त्यात हिशेब मिसळतो, आणि त्यासाठी कोणाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. काल घराला मिळणारे पैसे थांबले. आज या पोराच्या हाताला रोज मिळू शकतो. बारावी झाली की वरूडच्या महाविद्यालयात तीन वर्षे घालविण्यापेक्षा त्याने मृग बहाराच्या तोड्याला जावे, किंवा एखाद्याकडे सालगडी म्हणून राहावे, असे त्या घराला वाटले तर ते गरिबीचे साधे गणित आहे. ज्या तीन वर्षांसाठी कायद्याने अनुरक्षण निर्माण केले, ती नेमकी पदवीची तीन वर्षे आहेत, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

मुलगी असेल तर गणित आणखी लवकर सुटते. कायद्याने तिच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. निधी थांबण्याची तारीख आणि स्थळे पाहायला लागण्याची तारीख एकच. संस्थांच्या जुन्या अहवालांतही मुलीचे लग्न लागले की ‘पुनर्वसन’ या रकान्यात नोंद होत असे. कुटुंबात वाढलेल्या मुलीच्या बाबतीत अशी नोंद करणारा रकानासुद्धा नाही.

शिवाय हा अठरावा वाढदिवस पुष्कळदा खरा वाढदिवस नसतो. ज्या मुलाचा जन्मदाखला नाही, शाळेची नोंद नाही, त्याचे वय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे वैद्यकीय चाचणीने ठरते, आणि समितीने एकदा जे वय नोंदविले तेच या अधिनियमापुरते खरे वय समजले जाते. ही तरतूद अन्य कारणांसाठी आवश्यक आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु हाडांच्या चित्रावरून केलेल्या अंदाजाला वर्षादोनवर्षांची चूक सहज संभवते. त्या अंदाजाने लिहिलेली तारीख नोव्हेंबरात पडली, तर बारावीच्या परीक्षेआधी तीन-चार महिने निधी थांबतो. जूनमध्ये पडली तर परीक्षा पार पडलेली असते. एका मुलाच्या शिक्षणाचे भवितव्य कारकुनाने लिहिलेल्या महिन्यावर अवलंबून राहावे, यात तत्त्व कोणते? रेषा कोठेतरी ओढावी लागते हे खरे. पण १९८६ च्या अधिनियमात मुलासाठी ही रेषा सोळावर होती आणि मुलीसाठी अठरावर, २००० साली ती दोघांसाठी अठरावर आली. ती निसर्गाने ओढलेली नाही. ती सरकते, आणि सरकविता येते.

महाराष्ट्रापुरता विचार करताना बालसंगोपन योजनेचा निराळा उल्लेख करावा लागतो, कारण राज्यात कुटुंबातील मुलांपर्यंत पोहोचणारा पैसा मुख्यतः या योजनेतून येतो. काटेकोरपणे पाहता ती सर्वस्वी प्रतिपालकत्वाची योजना नाही. एक पालक गमावलेली, पालक दुर्धर आजारी असलेली, नातेवाइकांकडे राहणारी अशी अनेक प्रकारची मुले तिच्यात येतात. ज्या वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कितीतरी घरांतला कर्ता पुरुष नेला, तेथे तिचे महत्त्व सांगायला नको. तिची मासिक रक्कम दीर्घकाळ नाममात्र होती. पुढे ती ११०० रुपये झाली आणि २०२३ मध्ये २२५० रुपये. त्याच वेळी योजनेला नवे नाव मिळाले : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. वयोमर्यादा मात्र अठरा वर्षांचीच राहिली.

योजनांना थोरांची नावे देण्याची प्रथा आपल्याकडे इतकी सर्रास आहे की त्या नावांचा अर्थ कोणी पाहत नाही. या ठिकाणी तो पाहावा. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी एका विधवेच्या मुलाला आपले म्हटले, तो यशवंत. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून त्याला आपला वारस केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा यशवंत सोळा-सतरा वर्षांचा होता. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, त्या वेळी रुग्णसेवेचे ते काम डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने चालले होते. घरची मिळकत बेताची, पतीचे छत्र हरपलेले, आणि सांभाळलेला मुलगा नुकताच वयात आलेला, अशा स्थितीत त्या बाईंनी मुलाचे खाते अठराव्या वर्षी बंद केले असते, तर डॉ. यशवंत फुले हे नाव इतिहासाला ठाऊक झाले नसते. ज्यांचे नाव योजनेने घेतले त्यांचा हिशेब योजनेने घेतला नाही.

आता रकमेकडे वळावे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अनुरक्षणाखालील व्यक्तीला दरमहा ४००० रुपये देता येतात. ते २१ वर्षांपर्यंत, विशेष परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत. येथेही पात्रता संस्थेतून बाहेर पडणाऱ्याचीच. २०२४-२५ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये ठरली होती. म्हणजे अनुरक्षणाचे महिन्याचे साहाय्य म्हणजे रोजगार हमीच्या साधारण साडेतेरा दिवसांच्या मजुरीएवढे. बालसंगोपनाची रक्कम आठ दिवसांपेक्षाही कमी. ही रक्कम पुरेशी आहे की अपुरी, हा वाद येथे लांबविण्याचे प्रयोजन नाही. अपुरी आहे. परंतु साडेतेरा दिवसांची मजुरी बसल्या जागी मिळाली तर उरलेल्या दिवसांत वर्गात बसता येते, आणि नाही मिळाली तर बसता येत नाही, हा फरक रकमेच्या आकारापेक्षा मोठा आहे.

शासनाला कुटुंबात वाढणाऱ्या पोरक्या मुलाच्या अठरा वर्षांनंतरचा विचार करता येत नाही, असे म्हणावे तर त्याविरुद्ध पुरावा शासनाच्याच दप्तरात आहे. करोनाच्या साथीत आईवडील गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये पंतप्रधान केअर्स निधीतून जी योजना जाहीर झाली, तिच्यात मुलाच्या नावे दहा लाखांची तरतूद, अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी संपूर्ण रक्कम, अशी मांडणी आहे. मूल बालगृहात आहे की मामाकडे, हा प्रश्न तेथे निर्णायक नव्हता. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी अशा अनाथांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. या योजना चांगल्या होत्या, आणि त्यांच्या मागे कणव होती यात शंका नाही. पण त्यांतून एक विचित्र वर्गवारी उभी राहिली. शेंदूरजनाघाटच्या एकाच वर्गात दोन मुले बसली. एकाचे आईबाप साथीने गेले, दुसऱ्याचे अपघाताने किंवा विहिरीतल्या विषारी वायूने. दोघेही आत्याकडे राहतात. अठराव्या वर्षी पहिल्याला विद्यावेतन सुरू होते, दुसऱ्याचे होते तेही थांबते. पोरकेपणाची प्रत मृत्यूच्या कारणावरून ठरविण्यास कोणता आधार आहे, हे कोणत्याही निर्णयात सांगितलेले नाही. साथ ही राष्ट्रीय आपत्ती होती, एवढे उत्तर मिळेल. मुलाच्या दृष्टीने प्रत्येक आपत्ती तेवढीच राष्ट्रीय असते.

यावर गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळून जाणे बरे नव्हे. आक्षेप असा : कुटुंब म्हणजे वसतिगृह नव्हे. ज्या घराने मुलाला आठ-दहा वर्षे वाढविले ते घर अठराव्या वर्षी त्याला हाकलून देत नाही. संस्थेतल्या मुलाची खाट दुसऱ्याला द्यावी लागते, म्हणून त्याला तातडीने आधार हवा. घरातल्या मुलाची खाट जागच्या जागी असते. तेथे सरकारने पैसे घेऊन शिरणे म्हणजे मायेच्या नात्याला भाडेकराराचे रूप देणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. वऱ्हाडातील असंख्य घरांनी भाच्यांना, पुतण्यांना, शेजारच्या पोरक्यांना कोणत्याही निधीवाचून वाढविले आणि मार्गी लावले, हे नाकारता येणार नाही. परंतु आक्षेप स्वतःलाच छेद देतो. अठरा वर्षांपर्यंतचा निधी मायेच्या आड आला नाही, तर त्यानंतरचा का यावा? आणि जे घर सांभाळू शकते त्याला निधी नको असेल तर ते घेणार नाही. जे सांभाळू इच्छिते पण सांभाळू शकत नाही, त्याच्या इच्छेला बळ कशाने मिळणार? रक्कम कुटुंबाच्या हाती न देता थेट त्या तरुणाच्या बँकखात्यात भरावी, अशी तरतूद अनुरक्षणासाठी केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आधीपासून आहे. म्हणजे भाडेकराराची भीती दूर करण्याचा मार्गही तयार आहे. घरात राहून स्वतःच्या खात्यातून घराला हातभार लावणारा तरुण हा आश्रित राहत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

अमरावती जिल्ह्यातच या प्रश्नाची दुसरी टोकाची बाजू दिसते. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस आणि दिव्यांग मुलांचे बालगृह चालविले, त्या मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिव्यांग बेवारस मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच ठिकाणी राहू द्यावे, तसा कायदा करावा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. अठरा या आकड्याचा खोटेपणा या मागणीने जितका उघडा पाडला तितका कोणत्याही प्रबंधाने पाडलेला नाही. मतिमंद किंवा अंध मुलीचे वय कागदावर एका रात्रीत वाढले म्हणून तिचे परावलंबन त्या रात्री संपत नाही, हे सांगायला शास्त्र लागत नाही. तथापि वझ्झरचा आदर्श सर्वत्र लावण्याचा मोह टाळला पाहिजे. तेथे टिकाव धरला तो एका माणसाच्या हट्टाने. आणि तो उपाय कायम निवाऱ्याचा आहे, बाहेर पडणाऱ्याच्या आधाराचा नाही. या दोन गरजा भिन्न आहेत. दोहोंना समान आहे ते एवढेच की दोन्ही ठिकाणी कायदा व्यक्तीकडे न पाहता दाराकडे पाहतो.

परदेशातील उदाहरणे देण्याची घाई आपल्याकडील लेखनात फार होते. पण येथे एक उदाहरण विशेष बोधक आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुले व कुटुंबे अधिनियमाने प्रतिपालक कुटुंबातील तरुणाला, त्याची व त्या कुटुंबाची इच्छा असल्यास, २१ वर्षांपर्यंत तेथेच राहता यावे म्हणून साहाय्य करण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणांवर टाकले. गंमत अशी की तेथे चूक उलट दिशेने झाली. कुटुंबातल्यांना हक्क मिळाला आणि बालगृहातले तूर्त मागे राहिले. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था पुढे करावी लागली. कारण उघड आहे. तेथे शासनाच्या देखरेखीखालील बहुसंख्य मुले प्रतिपालक कुटुंबांत असतात, म्हणून मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुटुंब होते. आपल्याकडे संस्था होती. दोन्हीकडे कायद्याने जे दिसले त्याला दिले. वेल्सने २०२२ मध्ये याहून वेगळा प्रयोग केला. त्या वर्षीच्या जुलैपासून पुढील वर्षभरात जे जे शासकीय देखरेखीतून अठराव्या वर्षी बाहेर पडले, त्यांना संस्था की कुटुंब असा भेद न करता, दोन वर्षे दरमहा करपूर्व १६०० पौंड देण्यात आले. सहाशेहून अधिक तरुणांनी ते घेतले. रकमेची तुलना व्यर्थ आहे. पात्रतेची व्याख्या मात्र अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिला पैसा लागत नाही.

व्याख्या बदलणे अशक्य नाही हे महाराष्ट्राने एका वेगळ्या संदर्भात दाखविले आहे. अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरी यांत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय २०१८ मध्ये झाला. प्रथम त्याचा लाभ मुख्यतः संस्थांत वाढलेल्यांना होता. २०२१ च्या सुधारित निर्णयाने आईवडील दोघेही गमावून नातेवाइकांकडे वाढलेल्यांचाही त्यात समावेश केला. म्हणजे अनाथाचे प्रमाणपत्र देताना राज्य शासन मान्य करते की पोरकेपण संस्थेच्या भिंतींत मावत नाही. तेच शासन, तोच विभाग, अनुरक्षणाचा कागद हाती घेतो तेव्हा भिंत पुन्हा उभी राहते. परिणामी तो शेंदूरजनाघाटचा मुलगा पदवीधरांच्या स्पर्धापरीक्षेत अनाथ ठरेल. मात्र त्या परीक्षेला बसण्यासाठी जी पदवी हवी, ती मिळविण्याच्या तीन वर्षांत तो अनाथ नसेल.

राज्य शासनाला यासाठी संसदेची वाट पाहावी लागेल काय? अधिनियमातील व्याख्या बदलण्यासाठी पाहावी लागेल. पण बालसंगोपन ही राज्याची स्वतःची योजना आहे. तिची वयोमर्यादा शिक्षण चालू असेतोवर २१ पर्यंत नेणे, आणि अठराव्या वर्षानंतरची रक्कम लाभार्थ्याच्या नावे भरणे, यांना राज्याचा निर्णय पुरेसा आहे. त्याहून अवघड गोष्ट माणसांची आहे. आदर्श नियमांप्रमाणे संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकारी यांनी त्या मुलाचा पुढील आराखडा करून समितीपुढे ठेवायचा असतो. संस्थेतल्या मुलासाठी हा अधिकारी निदान नावाने ठाऊक असतो. कुटुंबातल्या मुलासाठी तो कोणी लिहायचा, वर्षातून एखाद्या वेळी भेटीला येणाऱ्याने की तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याने, हे ठरलेले नाही. शंभर किलोमीटरवरच्या कार्यालयातून तो लिहिला जाणार असेल, तर त्यात त्या मुलाचे बारावीचे गुण, त्याची आवड, त्या घराची ओढाताण यांपैकी काय उतरेल याचा अंदाज करता येतो. आराखडा वरूडला बसून, मुलाला आणि त्या घरच्या माणसांना समोर घेऊन, निधी थांबण्याच्या सहा महिने आधी लिहिला गेला पाहिजे. परीक्षेचा अर्ज भरण्याचा आणि महाविद्यालयाचा विचार करण्याचा काळ तोच असतो.